छान, लिहीत राहा

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या त्या माणसाला सगळे मिस्त्री म्हणत, घरात बायकोसुद्धा. उंची जेमतेम, पण आवाज तळमजल्यावरून आठव्या मजल्यावर पोचेल असा. चोवीस वर्षांत त्याने अडकलेल्या लिफ्टमधून शेकड्याने माणसं बाहेर काढली होती, आणि दार उघडताच जो तो घड्याळ बघत पळायचा. कोणी साधं 'बरं झालं आलात' म्हणत नसे. मिस्त्रीला या गोष्टीचाही राग होता. त्याला बऱ्याच गोष्टींचा राग होता.

तो लिहितो, हे मात्र थोड्यांनाच माहीत होतं. सहा वर्षं तो दर रविवारी सकाळी वाचनालयाच्या माडीवरच्या लेखनवर्गाला जायचा. वर्ग घेणारे सर निवृत्त प्राध्यापक होते. लिहिलेली पानं त्यांच्याकडे द्यायची, पुढच्या रविवारी परत घ्यायची. खाली हिरव्या शाईत शेरा असायचा : 'छान. लिहीत राहा.' मिस्त्रीने ती सगळी पानं अवजारांच्या जुन्या पत्र्याच्या पेटीत जपून ठेवली होती. कामावर साहेबाने खडसावलं की तो घरी येऊन ती पेटी उघडायचा.

एका रविवारी परत आलेली गोष्ट चाळताना तो थबकला. चौथ्या पानाच्या जागी भलताच कागद होता. घाईघाईत पानं लावताना लिफ्टच्या मासिक तपासणीचा तक्ता आत गेला होता. त्या तक्त्याच्या कडेला हिरव्या शाईत लिहिलं होतं, 'उत्तम तपशील.'

मिस्त्रीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तो भरल्या वर्गात उभा राहिला.

"सर, हे वाचून दाखवता का?"

सरांनी कागद डोळ्यांजवळ नेला. "दोर, ठीक. ब्रेक, घासलेला. दाराचं रबर..." आणि ते थांबले. मागे कोणीतरी फिसकन हसलं.

"यात उत्तम काय आहे? ब्रेक घासलाय, लिफ्ट पडेल कुणाच्या तरी डोक्यावर."

सरांनी त्याला बाहेर गॅलरीत नेलं. "मिस्त्री, चाळीस माणसं येतात. सगळ्यांचं कुठवर वाचू? आणि वाचून तरी काय? लोकांना पाठीवर हात हवा असतो. तो मी ठेवतो. त्यात कुणाचं काय बिघडलं?"

"माझी सहा वर्षं बिघडली."

"खरं सांगितलं असतं तर दुसऱ्याच रविवारी पळाला असतात तुम्ही."

यावर मिस्त्री जास्तच चिडला. घरी येऊन त्याने पेटी माळ्यावर फेकली आणि बायकोला सांगितलं, "या घरात पुन्हा लिहिण्याचं नाव काढायचं नाही." बायको म्हणाली, "काढलं कोणी होतं?"

त्याच्याकडे त्याची सासू राहायची. टेलिफोनच्या ऑफिसात बत्तीस वर्षं कानाला यंत्र लावून लोकांचे कॉल जोडलेली बाई. कोण खरं बोलतंय आणि कोण थापा मारतंय, हे तिला श्वासावरून कळायचं, असं ती स्वतःच सांगायची. तिने काही न विचारता नातीकडून पेटी उतरवून घेतली आणि आठवडाभर दुपारी खिडकीशी बसून सगळं वाचून काढलं. पेन्सिल घेऊन.

शनिवारी जेवताना ती म्हणाली, "जावईबापू, तुमच्या पहिल्या चार गोष्टी वाचताना मला झोप लागली. दोनदा."

मिस्त्रीने पोळीचा तुकडा ताटात टाकला.

"पाचवी मात्र दोनदा वाचली. तुमच्या जोडीदाराची."

जोडीदार म्हणजे आठ वर्षांपूर्वी लिफ्टच्या खाली, खड्ड्यात काम करताना गेलेला त्याचा सहकारी.

"तुम्ही लिहिलंय, 'क्रूर नियतीने घाला घातला.' ही नियती कोण? लिफ्टचं मेन बटण बंद होतं ना? मग चालू कोणी केलं?"

"आई, अपघात होता तो."

"अपघात होता हे मला माहीत आहे. बटण कोणी दाबलं, ते विचारतेय. आणि दाबणाऱ्याला खाली माणूस आहे हे कळलं कसं नाही? तिथे पाटी लावता म्हणे तुम्ही लोक."

मिस्त्रीने ताट सरकवलं. "तुम्हाला काय कळतं हो त्यातलं? फोन जोडण्याइतकं सोपं नाही ते!" आणि तो चपला घालून बाहेर पडला. पाच दिवस तो सासूशी बोलला नाही. तीही बोलली नाही. पेन्सिल तेवढी तिने टोक करून त्याच्या वहीशेजारी ठेवली.

सहाव्या दिवशी त्याने लिहायला घेतलं. रागाने, कागद फाटेल इतकं दाबून. बटण इमारतीच्या रखवालदाराने दाबलं, कारण वरच्या म्हातारीला दवाखान्यात न्यायचं होतं. 'काम चालू आहे' ही पाटी बटणाला टांगलेली असती, तर त्याने हातही लावला नसता. पाटी मिस्त्रीच्या पिशवीत होती. हे वाक्य लिहायला त्याला दोन दिवस लागले. नियती त्याने खोडली, क्रूर तर आधीच खोडलं होतं.

सासूने वाचलं. "आता कळलं," एवढंच म्हणाली, आणि तिसऱ्या पानावरच्या लांबणीभोवती वर्तुळ काढलं.

मग त्याने न करायची गोष्ट केली. पानं घेऊन तो जोडीदाराच्या बायकोकडे गेला. ती एका शाळेत कारकून होती. तिने दारातच उभं राहून वाचलं. चेहरा दगडासारखा.

"आठ वर्षं तुम्ही घरी येत होतात," ती म्हणाली. "चहा पीत होतात."

"वहिनी..."

"पानं राहू द्या." तिने दार लावून घेतलं.

महिन्याने पानं टपालाने आली. चिठ्ठी नव्हती. शाळेतल्या लाल पेनाने 'तो खड्ड्यात उतरला' या ओळीखाली रेघ होती आणि कडेला टाचणीसारखं बारीक अक्षर : 'त्या दिवशी खड्ड्यात उतरायची पाळी तुमची होती. तुमचा गुडघा दुखतोय म्हणून ते उतरणार होते. सकाळी मला सांगून गेले. हे का नाही लिहिलं?'

मिस्त्रीला आधी तिचाच राग आला. मग सासूचा, जिने हे सगळं सुरू केलं. मग रेघ मारलेली ओळ त्याने पुन्हा वाचली आणि राग कुणावर ढकलावा ते त्याला कळेना. सहा वर्षांत कोणी त्याचं लिखाण इतकं नीट वाचलं नव्हतं. ज्या बाईला ते वाचण्याचा सर्वांत जास्त त्रास होणार, तिने वाचलं होतं.

त्याने गुडघा लिहिला. छापायला कुठेही पाठवलं नाही. वहिनीने त्याला परत कधी घरी बोलावलं नाही, आणि तोही गेला नाही.

वाचनालयात तो आता पुन्हा जातो, पण माडीवर नाही. खाली वर्तमानपत्रांच्या टेबलाशी बसतो. वर्गातले दोघंतिघं कुरकुरत त्याच्याकडे पानं आणतात. औषधांच्या दुकानात काम करणारी एक बाई मागच्या महिन्यात रडून गेली. वडिलांवर लिहिलेल्या तिच्या सात पानांवर त्याने एकही 'छान' लिहिलं नव्हतं, आणि पाचव्या पानाजवळ बोट ठेवून दरडावून विचारलं होतं, "इथे ते तुम्हाला काय बोलले? 'खूप बोलले' म्हणजे काय? शब्द सांगा."

"तुम्हाला बोलायची काही पद्धत आहे की नाही?" ती म्हणाली होती.

"नाही. पण सातही पानं वाचलीत मी. दोनदा."

या रविवारी ती परत आली. नऊ पानं टेबलावर आपटली आणि समोरची खुर्ची ओढून, हाताची घडी घालून बसली. मिस्त्रीने चष्मा लावला.