उकळलेलं पाणी

प्रयोगशाळेत त्यांना सगळे पेशीकाकू म्हणत. काम म्हणाल तर बाळंतिणीच्या खोलीसारखं. माणसाच्या श्वासनलिकेतल्या पेशी काचेच्या बशीत वाढवायच्या, वेळेवर खाऊपिऊ घालायचं, ऊब सांभाळायची. एखादी बशी रुसली की काकूंचाही दिवस वाईट जायचा. घरी कुंडीतलं रोप मात्र एक जगलं असेल तर शपथ.

त्या वर्षी एक औषधी पाला तपासायला आला होता. काकूंनी तो उकळून अर्क करायचा, अर्क पेशींना द्यायचा, मग त्यांच्यावर सर्दीतापाचा विषाणू सोडायचा आणि काय होतं ते बघायचं. झालं ते असं की अर्क प्यायलेल्या पेशी आधीच सावध झाल्या. विषाणू आला की पेशी इंटरफेरॉन नावाचं प्रथिन सोडते आणि शेजारणींना हाक देते. इथे विषाणू यायच्या आतच हाकाटी सुरू. पुढे विषाणू फारसा वाढला नाही. नुसत्या पाण्यावर ठेवलेल्या पेशींचा मात्र त्याने फडशा पाडला.

काकू हवेत. तडक भावाच्या सलूनमध्ये गेल्या आणि म्हणाल्या, "दादा, पाला लागू पडतो. डोळ्यांनी बघितलंय मी."

दादाला जुना दमा. थंडीत साधा खोकला झाला तरी छाती भरायची, एकदा तर प्राणवायू लावावा लागला होता. डॉक्टर फ्लूची लस घे म्हणून मागे लागले होते आणि दादा सुईच्या नावाने पळ काढायचा. त्याला हे आयतंच मिळालं. तो रोज पाला उकळून पिऊ लागला. आणि न्हाव्याच्या तोंडी गेलेली गोष्ट एका कानात थोडीच राहते? वस्तरा गळ्याशी असताना गिऱ्हाईक वाद घालत नाही. महिन्याभरात अर्धी गल्ली पाला पीत होती.

इकडे प्रयोगशाळेच्या मॅडमना एक शंका आली. पाला कोणत्या पाण्यात उकळला, त्यांनी विचारलं. काकूंनी सांगितलं, साठवणीच्या टाकीतलं. सीलबंद निर्जंतुक पाणी महाग, ते किलोभर पाल्यावर ओतायला त्यांचा हात धजेना. नाहीतरी उकळणारच होतं. तुलनेच्या बशीत मात्र त्यांनी इमानाने सीलबंद पाणीच घातलं होतं. संसारी बाईची काटकसर, दुसरं काय.

मॅडम म्हणाल्या, टाकीतलं पाणी पाल्याशिवाय तसंच उकळा आणि पेशींना द्या. काकूंनी थोड्या घुश्शातच दिलं. पेशींनी तीच हाकाटी केली. टाकीत जंतू होते. उकळून ते मेले, पण त्यांच्या अंगाचे तुकडे पाण्यात राहिले, आणि त्या तुकड्यांनाच पेशी शत्रू समजल्या होत्या. मग सीलबंद पाण्यात नवा अर्क केला, तेव्हा पेशी ढिम्म हलल्या नाहीत.

प्रयोग फसल्याचं काकूंना फारसं वाटलं नाही, प्रयोग फसतातच. थंडी तोंडावर आली होती आणि दादा त्यांच्या शब्दावर लसीविना बसला होता.

संध्याकाळी सलून बंद होता होता त्या गेल्या आणि आडपडदा न ठेवता सगळं सांगितलं. दादाने वस्तरा पुसून ठेवला.

"म्हणजे पाला फुकट?"

"तेही माहीत नाही. दुसऱ्या कुठल्या तऱ्हेने उपयोगी असेलही. पण मी बघितलं ते पाल्याचं नव्हतं. तू लस घे दादा. मी चुकले."

तो पाठ फिरवून खाली पडलेले केस झाडू लागला. त्याचा विश्वास गेला असंच काकूंना वाटलं, आणि त्यांना फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दोघं दवाखान्यात जाऊन आली. सुई टोचताना दादाने तिचा हात असा आवळला की बोटं लाल झाली. मग म्हणाला, आता दुकानात येऊन बस, गल्लीलाही तूच सांग.

रविवारी काकू सलूनच्या बाकावर बसल्या आणि येईल त्याला तीच हकिगत सांगू लागल्या. पाला लागू पडतो म्हटलं होतं तेव्हा कोणी काही विचारलं नव्हतं. आज प्रत्येकाला प्रश्न होते. घड्याळं दुरुस्त करणारे एक म्हातारे गृहस्थ खुर्चीत बसले होते, गालांना फेस. ते वैतागून म्हणाले, "कालपर्यंत चालत होतं, आज चालत नाही. या बाईचं ऐकायचं तरी कशाला?"

दादाने ब्रश खाली ठेवला, शर्टाची बाही वर केली आणि दंडावरची पट्टी दाखवली.

"हिच्या शब्दावर पाला प्यायलो आणि हिच्याच शब्दावर हे टोचून घेतलं. चुकली म्हणून हिला कोणी पकडायला गेलं नव्हतं. आपल्या पायांनी आली सांगायला."

काकूंचे डोळे भरून आले. म्हाताऱ्यांनी हनुवटी वर करून गळा पुढे केला आणि दवाखाना किती वाजेपर्यंत उघडा असतो ते विचारलं.