शिवाने कुणालाही न दिलेलं गाव

वाणीचा फोन आला तेव्हा मी ऑफिसला निघाले होते, सिंगापूरच्या मेट्रोत, एमआरटीत. "अक्का, शिवा सकाळी उठलाच नाही..." एवढंच ती म्हणाली. पुढच्या स्टेशनवर उतरून मी परतीची गाडी पकडली. चोआ चू कांग या उपनगरात आमचे फ्लॅट एकाच मजल्यावर. वाणीचा नवरा शिवा उत्तर श्रीलंकेतला तमिळ, पाणी शुद्ध करणाऱ्या एका कंपनीत इंजिनियर. मी वयाने मोठी, म्हणून ती दोघं मला अक्का म्हणत, म्हणजे ताई. गाव कुठलं विचारलं की तो "समुद्राजवळचं" म्हणायचा आणि विषय बदलायचा.

ते गाव मला त्याआधीच कळलं होतं, बुकित तिमाह या श्रीमंत भागातल्या एका कॉन्डोत. ओळखीच्या एका मराठी बँकरकडे जेवण होतं, शिवा आणि वाणीला मीच सोबत नेलं होतं. यजमान नुकतेच श्रीलंका फिरून आले होते. जळक्या रणगाड्यासमोर हसत उभं राहून काढलेले फोटो आधी सगळ्यांच्या हातांतून फिरले. मग तिथली लढाई समजावायला त्यांनी टेबलावर वाट्या मांडल्या. ही मिठागरं, हा रस्ता, इथे सरकारी फौज, इथून बंडखोर आले, मग फौजेने गाव परत घेतलं. "काय डोकं लावलंय दोन्ही बाजूंनी," असं म्हणत त्यांनी कोशिंबिरीची वाटी पुढे सरकवली. शिवा हळूच म्हणाला, "ती वाटी ठेवलीत ना, तिथे आमचं घर होतं." मग यजमानांचा चेहरा खुलला. "अरे वा, मग तुम्हीच सांगा ना, नक्की कसं झालं ते."

शिवा उठला, हात धुतले आणि बाहेर पडला. आम्ही मागोमाग गेलो तर तो रस्त्याकडेच्या गटारापाशी ओकत होता. टॅक्सीत तो पहिल्यांदा बोलला. त्याची आई मिठागरात कामाला होती. फौजेने तिला खंदक खणायला लावले, बंडखोरांनी गाव घेतल्यावर तेच खंदक तिच्याकडून बुजवून घेतले आणि तिच्या धाकट्या भावाला घरातून उचलून नेलं. "लढाई थांबल्यावर आई परत गेली तर मिठागराच्या वाफ्यांत प्रेतं होती. मिठामुळे चेहरे ओळखू येत होते, अक्का. मामाचाही... आणि तिथे आलेले लोक फक्त आपापल्या बाजूची प्रेतं उचलत होते." टॅक्सीतून उतरताना तो म्हणाला, "राग केव्हाच संपला. आता नुसती किळस येते."

दुसऱ्या दिवशी यजमानांचा मेसेज आला, तुमच्या मित्राला जेवण बाधलं का? मी तो पुसून टाकला. पुन्हा त्यांच्या घरी पाऊलही टाकलं नाही.

शिवाला निरोप द्यायला आमच्या इमारतीखालच्या मोकळ्या जागेत माणसं जमली होती. वाणीही ओळखत नव्हती असे एक गृहस्थ पुढे आले, बंडखोरांना मानणाऱ्या कुठल्याशा संघटनेचे. त्यांनी शिवाला 'वीरभूमीचा सुपुत्र' म्हटलं, गळा काढला, आणि अस्थी त्या गावी नेऊन सोहळा करू असं जाहीर केलं. वाणी म्हणाली, "त्याला तिथे जायचं नव्हतं."

"हा आता तुमच्या एकटीचा प्रश्न नाही, ताई."

वाणीचा आवाज चढला नाही. "त्याच्या मामाला नेलं तेव्हाही तुम्ही लोक हेच म्हणाला होतात."

गृहस्थ खुर्चीत जाऊन बसले. चहा मात्र त्यांनी दोनदा घेतला. अस्थी आम्ही इथल्याच समुद्रात सोडल्या.

परवा वाणीकडे गेले होते. कॉरिडॉरमध्ये शिवाचा कढीपत्ता चांगला फोफावलाय. मजल्यावरच्या कुणीही यावं, न विचारता तोडून न्यावं, अशी त्याची पद्धत. आता शेजारची चिनी आजी त्याला पाणी घालते. कुंडीखाली एक जाड, चकचकीत कागद दिसला. त्या गृहस्थांनी सोहळ्याचं पोस्टर छापलंच होतं, आणि वर दाराशी आणून ठेवलं होतं. शिवाचा फोटो वाणीने कापून घेतला होता. उरलेली वीरभूमी कुंडीखाली चिखलाच्या पाण्यात भिजत होती.