आई गिऱ्हाईक होऊन आली

माझा नवरा कुणाच्याही नव्या घरी गेला की आधी लिफ्ट बघतो. लग्नाच्या वेळी हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मध्ये माझ्या बहिणीने फ्लॅट घेतला आणि मोठ्या हौसेने आम्हाला बोलावलं. सगळे तिच्या स्वयंपाकघराचं कौतुक करत होते आणि हे लिफ्टमध्ये उभे राहून हात पसरून अंदाज घेत होते. बाहेर आले आणि भावोजींना म्हणाले, "घर झकास आहे. फक्त स्ट्रेचर आडवं मावायचं नाही, जिन्यानेच खाली न्यावं लागेल." भावोजींचा चहाचा घोट घशातच अडकला. बहिणीने त्यानंतर कितीतरी दिवस माझा फोन उचलला नाही. ह्यांना अजूनही वाटतं की आपण उपयोगाची गोष्ट सांगितली.

आमचं दुकान अंत्यविधीच्या व्यवस्थेचं आहे. माणूस कुठल्याही धर्माचा असो, तो गेला की नातेवाईक आमच्याकडे येतात आणि पुढचं सगळं हे बघतात. ह्यांना लोक व्यवस्थाकाका म्हणतात. दुकानात माणसांचे प्रकार दोनच, दहनवाले आणि दफनवाले, आणि मग त्यांचे पोटभेद. कुणाला दिवस मावळायच्या आत सगळं उरकायचं असतं. कुणाला परदेशातल्या मुलासाठी थांबायचं असतं, आणि तो मुलगा हमखास विमान चुकवतो. कुणाला बिनशिवणीचं पांढरं कापड लागतं, कुणाला लग्नातला सूटच घालायचा असतो आणि तो आता पोटावर बसत नाही. एकांना पेटीला लोखंडी खिळा चालत नाही, दुसऱ्यांना पितळी कड्यांशिवाय पेटी पेटीच वाटत नाही. बायकांना आंघोळ घालायला घरचं कुणी धजावलं नाही तर मी जाते. एवढं सगळं ह्यांना तोंडपाठ आहे, पण घरी गॅसचा नंबर लावायचा असतो हे आठवत नाही.

एक मात्र मान्य करायला हवं. काउंटरसमोर गिऱ्हाइकाची एक खुर्ची आहे. त्या खुर्चीत जो बसेल त्याला हे कधी घाई करत नाहीत, त्याच्यासमोर फोन घेत नाहीत, आणि तो उठेपर्यंत स्वतः जागचे हलत नाहीत. आधी पाणी देतात, मग शांतपणे विचारतात, "तुमच्यात कसं करतात?" कधी नवरा एका धर्माचा आणि बायको दुसऱ्या धर्माची, कधी भाऊ-भाऊ तिथेच हमरीतुमरीवर येतात. मग संध्याकाळी घरी येऊन आमच्यासमोर भाषण. माणूस हिंडताफिरता असताना विचारून ठेवायला लोकांचं काय जातं, हे मी इतक्या वेळा ऐकलंय की मला झोपेतही म्हणून दाखवता येईल.

आणि हाच माणूस स्वतःच्या आईला विचारायला तयार नव्हता!

माझे सासरे दहनवाले, सासूबाई दफनवाल्या. दोघांनी कोर्टात लग्न केलं आणि कुणी कुणाचा देव बदलला नाही. सासरे गेले तेव्हा प्रश्नच नव्हता, त्यांच्या पद्धतीने दहन झालं. मध्ये सासूबाई दवाखान्यात राहून आल्या, आणि तेव्हापासून त्यांनी धोशा लावला की मला माझ्या मागे काय करायचं ते बोलायचंय. त्यांनी जेवताना विषय काढला की ह्यांना महत्त्वाचा फोन आठवायचा. सकाळी काढला की हे टॉवेल घेऊन न्हाणीघरात, आणि पाणी संपेपर्यंत बाहेर नाहीत. एकदा तर त्यांनी "ऐक रे" एवढंच म्हटलं, आणि हे चक्क पंखे पुसायला लागले. आमच्या घरात ह्यांनी त्याआधी कधी पंखा पुसला असेल तर शपथ.

यात भरडली गेले मी. सासूबाई मला म्हणणार, त्याला सांग. हे मला म्हणणार, तिला समजाव, असलं अभद्र बोलू नको म्हणावं. माझा जीव मेटाकुटीला आला. शेवटी एक दिवस भाजी चिरता चिरता मी सासूबाईंना म्हटलं, की तुमचा मुलगा घरात तुमच्या हाती लागणार नाही. तो एका जागी बसतो फक्त दुकानात. मी आपलं वैतागून बोलून गेले.

दुसऱ्या दिवशी दुकान उघडून थोडा वेळ झाला होता. मी मागे कापडांच्या घड्या घालत होते. बघते तर सासूबाई बाहेर जायचे कपडे घालून, पर्स काखेत मारून, काठी टेकत आत आल्या आणि सरळ गिऱ्हाइकाच्या खुर्चीत बसल्या.

हे दचकले. बरं वाटत नाही का, रिक्षा बोलावू का, घरी चल, असं सगळं एका दमात बोलून झालं. सासूबाईंनी काठी काउंटरला टेकवली आणि पाणी मागितलं. ह्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी घड्यांमध्ये डोकं घातलं, म्हटलं आता तुमचं तुम्ही बघा.

ह्यांनी पाणी आणून दिलं. काउंटरवरचा फोन वाजला, तो घेतला नाही. आधी पेपरवेट फिरवला. मग खाली बघून, सवयीने अहो-जाहो करत, स्वतःच्या आईला विचारलं, "तुमच्यात कसं करतात?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं. आईवडिलांना पुरलंय त्याच दफनभूमीत पुरायचं. चर्चमधल्या फादरशी त्यांनी आधीच बोलून ठेवलं होतं. पेटी साधी हवी, नक्षीबिक्षी नको. आंघोळ मी घालायची, दुसऱ्या कुणी नाही. का, तर माझे हात गार असतात पण हलके आहेत. इतकी वर्षं त्यांनी माझ्या हातच्या प्रत्येक गोष्टीत खोट काढली, आणि कौतुक केलं ते हे! मला हसावं की रडावं कळेना.

ह्यांचा मात्र एव्हाना सूर लागला होता. कुठलं लाकूड, आतलं अस्तर कसलं, गाडी कुठल्या रस्त्याने न्यायची, भराभर सुरू झालं. शेवटी छातीवर हात ठेवून म्हणाले की तू अजिबात काळजी करू नकोस, मी स्वतः जातीने सगळं बघतो.

"तेच नकोय मला," सासूबाई म्हणाल्या. "काम समोरच्याला दे."

समोरचा म्हणजे रस्त्यापलीकडचा, आमच्याच धंद्यातला. त्याचं नाव आमच्या दुकानात घेत नाहीत. ह्यांच्या मते तो शोकाच्या घरात वरच्या पट्टीत बोलतो, त्याची गाडी चढावर बंद पडते, आणि त्याने बसवलेलं पेटीचं झाकण आजवर कधी सरळ बसलेलं नाही. ह्यांचा चेहरा लालबुंद झाला. त्या माणसाच्या हाती मी माझी आई देऊ, त्याला एक झाकण सरळ बसवता येत नाही, असं म्हणून ताडकन उठले.

"तिरकं बसव म्हणावं. मला कुठे बघायचंय? खाली बस."

हे बसले.

"बाबांना नेलं तेव्हा तू कुठे होतास?"

तिथेच तर होतो, सगळं मीच केलं, हे म्हणाले.

"केलंस ना. लाकडं बघितलीस, गाडी लावून घेतलीस, लोकांच्या चपलासुद्धा रांगेत लावल्यास. अग्नी दिलास आणि लगेच वळून गाडीवाल्याला हाका मारायला लागलास. मी तुझा हात शोधत होते रे. माझ्या शेजारी कोण उभी होती? पलीकडच्या घरातली बाई. मला व्यवस्था नको. मला त्या दिवशी मुलगा हवाय, पुढच्या रांगेत, रिकाम्या हाताने."

माझ्या हातातली घडी हातातच राहिली. मला फार वाईट वाटलं दोघांचं, आणि रागही आला. ह्यांचा, की असं कुणाला सांगावं लागावं.

ह्यांनी तरी लगेच ऐकलं नाहीच. समोरच्याकडे माणसं कमी आहेत, पावसात त्याची पंचाईत होते, तो मुळात हो म्हणणार नाही, सगळं बोलून झालं. सासूबाई नुसत्या बसून राहिल्या. त्या उठेपर्यंत ह्यांना हलता येत नव्हतं, आणि त्या उठत नव्हत्या. शेवटी त्यांनीच सांगितलं की मी बसलेय, तू जाऊन विचार. हे शर्ट नीट करत रस्ता ओलांडून गेले.

काय बोलले देव जाणे. समोरचा ह्यांच्या मागोमाग रुमालाला हात पुसत आला. मला वाटलं होतं टोमणा मारेल, पण त्याने तसलं काही केलं नाही. काउंटरच्या आत ह्यांच्या जागी बसला आणि सासूबाईंना पहिल्यापासून सगळं विचारायला लागला. वरच्या पट्टीतच विचारत होता, त्यामुळे सासूबाईंना एकदाही "काय?" म्हणावं लागलं नाही.

ह्यांना स्वतःच्याच दुकानात कुठे उभं राहावं ते कळेना. आधी काउंटरपाशी घुटमळले, मग दारात, मग भिंतीकडेच्या बाकावर जाऊन बसले, जिथे एरवी गिऱ्हाइकांचे नातेवाईक बसतात. पेटीच्या लांबीचं बोलणं निघालं तशी ह्यांनी तिथूनच दुरुस्ती केली. सासूबाईंनी मानही वळवली नाही.

"तू गप्प बस. तू घरचा आहेस."

थोड्या वेळाने मला नाक ओढल्यासारखा आवाज आला. बघितलं तर हे दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवून रडत होते. लग्न झाल्यापासून मी ह्यांना रडताना पाहिलं नव्हतं. समोरच्याने बोलणं थांबवलं. सासूबाईंच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"अरे, आत्ता कशाला? मी अजून आहे ना."

ह्यांनी मान हलवली. "बाबा," म्हणाले.

समोरच्याने उठून आमच्या दुकानाचं दार लोटून घेतलं. सासूबाईंनी काठीसाठी हात पुढे केला, ती मी दिली, आणि त्या खुर्चीतून उठून बाकावर मुलाशेजारी जाऊन बसल्या.