सतरावा अर्क

कावेरीबाई बसत नसत. प्रयोगशाळेत त्यांच्यासाठी एक खुर्ची होती, पण तिच्यावर कायम वह्यांचा ढीग. डबासुद्धा त्या खिडकीपाशी उभ्यानं खात आणि दोन घासांच्या मध्ये इन्क्युबेटरचं तापमान बघून येत. कुंभकोणमची वीज कधी जाईल याचा नेम नसे, आणि आत इन्फ्लुएंझाचे विषाणू टोचलेली अंडी असत.

ऐंशीच्या दशकात नवऱ्याच्या बदलीमुळे मी पुण्याहून तिथे गेले आणि एका कॉलेजात त्यांची संशोधन साहाय्यक झाले. पहिल्या दिवशी मी अडखळत इंग्रजी बोलू लागले, तर त्या म्हणाल्या, "मरहट्टी बोल की गे. आमच्या घरांत तीच." तीनशे वर्षांपूर्वी तंजावर मुलखात आलेलं त्यांचं घराणं. मराठी जुन्या बखरीतल्यासारखी, त्यात अधूनमधून तमिळ शब्द.

घर कडक वैष्णव. वडील, अप्पा, गोविंदपुरमला भजनाला जाणारे; घरात कांदाही शिजत नसे. आणि मुलगी मात्र पट्टीश्वरमच्या बाजूच्या एका कोंबडीवाल्याकडून टोपलीभर अंडी बसमधून आणी! परसात स्नान केल्याशिवाय तिला स्वयंपाकघर बंद. अप्पा मला हसून सांगत, "हिचा देव अंड्यांत राहतो, काय करावें?"

ताप उतरवायच्या गोळ्या पुष्कळ होत्या. खुद्द विषाणूला आवरणारं औषध जवळजवळ नव्हतंच. जे एक होतं ते काही प्रकारांवरच चाले आणि म्हाताऱ्या माणसांना त्यानं भ्रम होई. बाईंना दुसरं हवं होतं. कावेरीकाठच्या झाडांच्या साली, पानं, मुळं यांचे अर्क आम्ही विषाणू घातलेल्या अंड्यांत टोचायचो. मग आतला द्रव काढून, खळगे असलेल्या ताटलीत त्यात कोंबडीच्या रक्तपेशी मिसळायच्या. विषाणू असला की पेशी एकमेकींना चिकटून जाळं धरत. नसला की तळाशी उतरून लाल ठिपका होई. दोन वर्षं आम्ही जाळंच पाहिलं.

सतरावा अर्क अर्जुनसादड्याच्या सालीचा होता. त्या सकाळी सगळ्या खळग्यांत लाल ठिपके उमटले. बाई टेबलाभोवती फेऱ्या घालू लागल्या. "फिरून कर," म्हणाल्या. पुन्हा ठिपके. चौथ्या खेपेला त्या मोठ्यानं हसल्या. प्राचार्यांनी लगेच व्याख्यान ठरवलं. एक परीक्षा मात्र राहिली होती: अर्क दिलेल्या अंड्यातला द्रव नव्या अंड्यात घालून विषाणू खरोखरच संपला का ते पाहायचं. अंडी कमी पडली. पुढच्या आठवड्यात करू, असं आम्ही दोघींनीही म्हटलं.

त्याच आठवड्यात अप्पा फ्लूनं अंथरुणाला खिळले. तिसऱ्या दिवशी आजार फुप्फुसांत उतरला. इस्पितळात त्यांनी धापा टाकत विचारलं, "कावेरी, तुझें औषध मला दे की. अंड्याचा विटाळ मी सोसीन."

"अप्पा, तें अजून औषध नव्हें. माणसाला तें सोसेल कीं नाहीं, मला ठाऊक नाहीं."

बाहेरच्या व्हरांड्यात मी त्यांचा हात धरला. "बाई, देऊन तर बघा. वडील आहेत तुमचे!"

त्यांनी हात सोडवून घेतला. "दुसऱ्या कोणाच्या बापाला दिलें असतें काय मी?" आणि व्हरांड्याच्या त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या, पुन्हा गेल्या.

अप्पांनी पुन्हा मागितलं नाही. दोन दिवसांनी ते गेले.

दिवसकार्य आटोपल्यावर बाई अंड्यांची टोपली घेऊनच आल्या. "राहिलेली परीक्षा करूं," एवढंच म्हणाल्या. हा अर्क फोल ठरो, असं मी तीन दिवस मनात घोकत होते. तो ठरलाच. नव्या अंड्यांत विषाणू जोमानं वाढला होता. आमच्या अर्कानं त्याला धक्काही लावला नव्हता. फक्त रक्तपेशींना चिकटू दिलं नव्हतं, आणि आम्ही ठिपके पाहून फसलो होतो.

"बाई, सुटलात तुम्ही!" मी म्हणाले. "दिलं असतं तरी अप्पा वाचले नसते."

त्या माझ्यावर पहिल्यांदाच रागावल्या. "मी नाहीं म्हटलें तेव्हां हें मला ठाऊक होतें काय? तेव्हां तें खरें औषध होतें, गे. मी खरें औषध नाकारलें."



व्याख्यान रद्द करू, असं प्राचार्य म्हणाले. बाईंनी ते दिलंच. भरल्या सभागृहात सगळी चूक फळ्यावर मांडली आणि म्हणाल्या, "घाई माझी." दुसऱ्या दिवशी अठराव्या अर्काची साल दळायला घेतली.

पुढे आम्ही पुण्याला परतलो. त्या निवृत्त झाल्या. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस परदेशात फ्लूवरचं नवं औषध निघालं. त्यावरच्या लेखाची झेरॉक्स घेऊन मी मुद्दाम कुंभकोणमला गेले. बाईंनी ओसरीवर येरझारा घालत तो वाचला. "हे साली चाखीत नाहीं बसले. विषाणूच्या अंगाचा एक तुकडा नीट पाहिला, आणि त्याच्या खांचेंत बसेल असें औषध घडविलें. काय सुंदर केलें गे!" चेहऱ्यावर हेव्याची रेघ नव्हती. मग एकदम थांबल्या. "सत्तरीच्या माणसाला देऊन पाहिलें काय? फुप्फुसांत उतरल्यावर?"

लेखातले बहुतेक रोगी धडधाकट, तरुण होते. मी तसं सांगितलं. त्यांनी तिथल्या तिथे त्या शास्त्रज्ञांना पत्र लिहिलं.

"उत्तर देतील?" मी विचारलं.

"नाहीं दिलें तर फिरून विचारीन."

टपाल निघायची वेळ झाली होती. माझीही गाडी होती, म्हणून बरोबरच निघालो. त्या मला मागे टाकून पुढे गेल्या. वळणावर त्यांनी मागे बघून हात केला. मी निरोपाचा समजून हात वर केला. त्या मला भरभर चल म्हणून खुणावत होत्या.

नंतर आमची भेट झाली नाही.