पलंगाचं बटण

कळंबच्या वजनकाट्यावर मी पावत्या फाडतो. तिथं सोयाबीनचा ट्रक घेऊन एक चाचा येतात. काहीही बोलायच्या आधी दाढीवरून एकदा हात फिरवतात. मालकानं त्यांच्या गाडीत नवं यंत्र बसवलंय. गाडी चालली की ते आपोआप नोंदतं. थांबल्यावर मात्र ड्रायव्हरनं बटण दाबायचं. काम असेल तर हातोडीचं, विश्रांती असेल तर पलंगाचं. सलग अर्धा तास पलंग झाल्याशिवाय पुढं निघायचं नाही. चाचांनी ही चित्रं वहीत काढून आठवडाभर घोकली.

परवा पलंग दाबून ते गाडीखालच्या सावलीत आडवे झाले होते. वीसेक मिनिटांत वावटळ उठली आणि शेजारच्या ट्रकची ताडपत्री सुटली. चाचा उठले, आधी केबिनमध्ये चढून हातोडी दाबली, मगच दोरी धरायला धावले. परत आल्यावर पुन्हा पलंग, पुन्हा पहिल्यापासून अर्धा तास.

मला राहवलं नाही. "चाचा, दहाच मिनिटं उरली होती की! गाडी तर जागची हलली न्हाय. मशिनीला काय कळतंय?"

दाढीवरून हात फिरला.

"न्हायच कळत, बेटा. म्हणून तर ती मला इचारती."