दुखणे न लपवणारे इंगोले सर

इंगोले सरांची नि माझी पहिली भेट अमरावतीच्या कॉलेजात, मानसशास्त्राच्या वर्गात झाली. "हा विषय का घेतलास?" त्यांनी विचारले. मी ऐटीत म्हणालो, "मानवी मनाचा थांग लावावा म्हणून."

"खरं सांग."

"गणित येत नाही, सर."

वर्ग हसला, सरही हसले. "आता बस. आपलं जमेल," म्हणाले.

सर अकोटकडच्या शेतकरी घरातले. भिडेखातर गोड बोलणे त्यांना कधी जमले नाही. पुण्याकडच्या पाहुण्यांना ते फटकळ वाटत. आम्हां वऱ्हाडी पोरांना घरचे वाटत.

पुढे त्यांना क्षयाने गाठले. दीर्घकाळ आरोग्यधामात राहून ते परतले, तेव्हा डॉक्टरांनी शिकवायला मोकळीक दिली होती. "पोटाचं दुखणं होतं म्हणून सांगा," असा हितचिंतकांनी कानमंत्र दिला. सरांनी पहिल्याच तासाला सारे खरे सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी निम्मी बाके ओस पडली. राजापेठेत भाजी विकणाऱ्या माझ्या आईनेही दम भरला, "त्या वर्गात पाय ठेवशीन त याद राख!" मुले परतली नाहीत तर वर्गच बंद होणार होता, आणि शिकवण्यावाचून सर जगते कसे?

अशातच सरांच्या पत्नी विषमज्वराने गेल्या. मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी भाकर न्यायची, ही आमची रीत. या रीतीपुढे आईच्या मनातली भीती चालली नाही. पिठले-भाकरीची टोपली घेऊन ती निघाली, मागोमाग मी. सर ओट्यावर बसून सगळ्यांदेखत रडत होते.

"सर, तुमी त मनाचे मास्तर. मंग असे रडून काहून राहिले?" आईने विचारले.

"मास्तर हाओ म्हनून त लपवत नाही, बाई. घरची गेली. मले रडू येऊन राहिलं."

"दुखनंई असंच सांगून टाकलं?"

"हो."

आईने टोपली खाली ठेवली. "मंग उद्यापासून माया पोरगा वर्गात येईन. जो दुखनं सांगते त्याचं कायचं भेव? भ्याव त लपवनाऱ्याले!"

आईची जीभ म्हणजे दवंडीच. राजापेठेत घरोघरी बातमी गेली, बाके भरली, वर्ग वाचला. त्या वर्गाचा विद्यार्थी म्हणवून घेताना माझी छाती आजही फुगते, आणि हा अभिमान मी लपवणार नाही.

पुढे मी अकोल्याला शिक्षक झालो. तिथेच आई गेली. तेव्हा सर अमरावतीहून स्वतः भाकर घेऊन आले. समजुतीचे एक वाक्य बोलले नाहीत. "रडून घे. मी बसलो आहे," एवढेच म्हणाले, आणि खरोखर संध्याकाळपर्यंत बसून राहिले.

सरांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. त्यांना उदंड आयुष्य लाभो, असे आम्ही सारे मनापासून म्हणतो. प्रकृती विचारली की लोक सवयीने "बरी आहे" म्हणतात. सर तसे म्हणणार नाहीत, असेल तेच सांगतील. म्हणून मागणे एवढेच, की आम्ही वर्षानुवर्षे त्यांची प्रकृती विचारत राहावे आणि त्यांना प्रत्येक वेळी खरोखरच "बरी आहे" म्हणता यावे.