खाटेजवळचे दुसरे स्टूल

मंगळवार, ११ जुलै २०२३. सकाळचे साडेदहा. कोल्हापुरातील एका दवाखान्याच्या महिला वॉर्डात मला कोपऱ्यातल्या खाटेकडे पाठवण्यात आले.

त्या वेळी माझे वय अडुसष्ट होते. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर मी मानसशास्त्राच्या अभ्यासक्रमाला नाव घातले होते. कारण अनेकांनी विचारले. मी सांगितले नाही. दुसऱ्या वर्षी रुग्णांशी प्रत्यक्ष बोलायला शिकावे लागते. ते शिकवणाऱ्या मार्गदर्शक बाई माझ्या मुलीहून लहान होत्या. त्या मला सर म्हणत, मी त्यांना मॅडम. माझ्याविषयी त्यांची तक्रार एकच होती: मी रुग्णाशी बोलत नाही, त्याची चौकशी करतो. तक्रार खरी होती. कालव्यावरच्या माणसांशी मी आयुष्यभर जे बोललो, त्यात विचारणे आणि बजावणे यांखेरीज तिसरे काही नव्हते.

खाटेवरची मुलगी चंदगडकडची, शिरोळ तालुक्यात दिलेली. लग्नाला तीन वर्षे झालेली. तिने पिकावर फवारायचे औषध घेतले होते. खोकल्याचे समजून चुकून घेतले, असे सासरच्यांनी लिहून दिले होते. हवालदाराने विचारले तेव्हा तिने होकारार्थी मान हलवली. त्यानंतर ती कोणाशीही एक शब्द बोलली नव्हती. फुफ्फुसे निकामी होत चालली आहेत, आज-उद्या बोलू शकेल, पुढे नाही, असे डॉक्टरांनी मॅडमना सांगितले होते.

ती त्याच आठवड्यात गेली. हे आधीच सांगून ठेवतो. वाचणाऱ्याने आशा धरू नये. प्रश्न एवढाच होता की जाण्यापूर्वी तिला जे सांगायचे असेल ते ऐकायला कोणी असेल की नाही.

"काही विचारू नका," मॅडम म्हणाल्या. "नुसते बसा. आणि स्वतःविषयी काही सांगू नका."

खाटेजवळ लोखंडी स्टूल एकच होते, आणि त्यावर सासू बसलेली होती. मुलीला आणल्यापासून ती तिथून हललेली नव्हती. जेवणही तिथेच. मुलीला काही विचारले की उत्तर सासू देत असे. मला पाहताच ती उठली आणि स्टूल पदराने पुसून माझ्यापुढे सरकवले.

"बसा की. कुठलं म्हनायचं पावणं?"

मॅडमची सूचना माझ्या ध्यानात होती. पण आमच्याकडे गाव सांगितल्याशिवाय कोणी कोणापुढे तोंड उघडत नाही. मी मूळ गाव सांगितले. तिने आपले माहेर सांगितले. माझी धाकटी बहीण त्याच गावात दिलेली होती. घर कोणते, वाट कोणती, असे दोन-चार प्रश्न झाले आणि नाते निघाले. माझी बहीण तिच्या सख्ख्या चुलतभावाची बायको.

"म्हंजी आमच्या वैनीचं थोरलं भाऊ तुमी! आनि मगापासनं परक्यागत हुबं ऱ्हायलासा व्हय?" ती खाटेकडे वळली. "ए, डोक्यावर घे. मामा हायत आपलं."

मुलीच्या अंगावर दवाखान्याचा झगा होता. डोक्यावर घ्यायला पदर नव्हता. सलाइन लावलेल्या हाताने तिने चादर ओढली आणि कपाळापर्यंत घेतली. मग डोळे मिटले.

मी थोडा वेळ बसलो आणि उठलो.

मॅडमच्या खोलीत जाऊन घडले ते सांगितले. ओळख चांगली जमली, असेही म्हणालो.

"कुणाशी जमली, सर?"

"सासूशी."

"मग आता तुम्ही सासरचे झालात. ती तुमच्याशी कशी बोलेल?"

"पुन्हा जातो. तिला समजावतो."

"समजावू नका. तुमच्या घरात सून मामंजींपुढे बोलायची का?"

बोलायची नाही. माझ्या आईला मी माझ्या आजोबांपुढे कधी बोलताना ऐकले नाही. निघालेले नाते परत घेता येत नाही. मी त्या मुलीसाठी निकामी झालो होतो. पण तिच्या सासूसाठी मी पाहुणा होतो, आणि पाहुण्याने चहाला बोलावले तर तिला नाही म्हणता येणार नव्हते. मी मॅडमना तसे सांगितले. त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिले आणि त्या उठल्या.

"लवकर येऊ नका," एवढेच म्हणाल्या.

दवाखान्याच्या फाटकाबाहेर चहाचा गाडा होता. वर ताडपत्री, त्यावर पाऊस. सासू बाकाच्या टोकाला बसली. ग्लास दोन्ही हातांत धरून तिने मला न्याहाळले.

"ह्या वयात शाळंत जातासा म्हनं. घरात मालकीण कटाळली असंल तुमास्नी."

"ती नाही आता."

"मग बराबर हाय. बोलायला मानूस लागतंयच की."

ती बराच वेळ उसाविषयी, म्हशीविषयी बोलत राहिली. मी घड्याळ पाहत होतो. तिला तिथे अडकवून ठेवण्यासाठी मी ऐकत होतो. त्यापलीकडे माझा हेतू नव्हता. दुसरा चहा आला तेव्हा ती म्हशीविषयी बोलतानाच थांबली.

"त्या दिशी सकाळी आमची भांडी वाजली. त्वांडातनं निगून गेलं, मर जा तिकडं. सगळीच म्हनत्यात की, अण्णा. आमच्यात रोज म्हनत्यात. मला काय कोन म्हनलं न्हवतं व्हय?"

पूर्वीचा मी असतो तर विचारले असते: किती वाजता, कोणासमोर. किंवा म्हणालो असतो की मनाला लावून घेऊ नका. दोन्ही वाक्ये तोंडाशी आली. मी ती गिळली आणि तिच्याकडे पाहत राहिलो. ते सोपे नव्हते.

"वाचंल न्हवं ओ?"

तिच्या मुलाला, म्हणजे मुलीच्या नवऱ्याला, डॉक्टरांनी आदल्या दिवशी सांगितले होते. आईला सांगणे त्याच्याने झाले नव्हते. तो घरी निघून गेला होता.

"नाही," मी म्हणालो. "डॉक्टरांना आशा नाही."

ती रडली नाही. ग्लास बाकाखाली ठेवला, पुन्हा उचलला, त्यात काही नव्हते तरी तोंडाला लावला. मी तिसरा चहा सांगितला नाही. आम्ही पाऊस कमी होईपर्यंत तसेच बसून राहिलो.

वर आलो तेव्हा मॅडम वॉर्डाच्या दारात उभ्या होत्या. त्यांचे डोळे लाल होते. आवाज नेहमीचाच होता.

"ती बोलली. वाचेन का, असे तिने विचारले. मी खरे ते सांगितले. बाकीचे तुम्हांला सांगणार नाही. तिला आई हवी आहे. माहेरी कोणी कळवलेलेच नाही. भावाचा नंबर तिच्या तोंडपाठ आहे."

फोन मी करतो म्हणालो. सासू मागे उभी होती.

"कुनाला फोन?"

"तिच्या माहेरी."

"अण्णा, ती लोकं येऊन दंगा करतील. तुमी आपलं मानूस न्हवं?"

"आहे. म्हणून तुमच्यासमोर करतो आहे."

तिने भिंतीला टेकून खाली बसकण मारली. पुढे अडवले नाही.

चंदगडला मोठा पाऊस होता. आवाज तुटत होता. तिसऱ्यांदा लागला. मी वाक्ये लहान ठेवली. तुमच्या बहिणीने औषध घेतले आहे. ती शुद्धीवर आहे. आईला बोलावते आहे. आजच निघा.

मी थांबलो.

"चुकून?" भावाने विचारले.

"ते तीच सांगेल. उशीर करू नका."

"दुपारची यष्टी हाय. आईला घिऊन येतो."

वॉर्डाचा नंबर आणि जिना कोणत्या बाजूला आहे ते मी त्याला सांगितले. भेटीची वेळ संपलेली असली तरी चंदगडच्या बाईंना आत सोडावे, असे परिचारिकेला सांगितले. सासू उठून पुन्हा आपल्या स्टुलावर जाऊन बसली होती. मुलीने चादर डोक्यावरून खाली घेतलेली होती. मला पाहून तिने ती पुन्हा ओढू नये म्हणून मी खाटेजवळ गेलो नाही. तिला झोप लागेपर्यंत दारात थांबलो. मग शेजारच्या वॉर्डातून एक लोखंडी स्टूल मागून आणले आणि खाटेच्या दुसऱ्या बाजूला, तिच्या उशाशी ठेवले.